पक सोडून गोलकीपरकडे

आइस हॉकी पहिल्यांदा बघणाऱ्याला पक दिसत नाही. माझं तसंच झालं, आणि पुढे मी ज्यांना ज्यांना रिंकवर घेऊन गेले त्या सगळ्यांचं तसंच झालं. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची काळी रबरी चकती, वजन जेमतेम १७० ग्रॅम. बर्फावर उसळ्या मारू नयेत म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. ती कडेच्या फळ्यांवर आदळते, दहा पायांच्या घोळक्यात गायब होते, आणि आपल्याला कळतं ते थेट गोलामागचा लाल दिवा लागल्यावर.

२००१ साली मी पीएचडीसाठी अमेरिकेत इथाकाला, कॉर्नेल विद्यापीठात आले. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मिनेसोटाची होती. शाळेत असताना ती मुलींच्या संघात गोलकीपर होती. पहिल्या सामन्याला घेऊन गेली तेव्हा तिने मला नियम सांगितले नाहीत, खेळाडूंची नावंही सांगितली नाहीत. एवढंच म्हणाली, "पक हरवला की गोलकीपरकडे बघ. त्याची छाती जिकडे, पक तिकडे."

हे तंतोतंत खरं आहे. गोलकीपर हा बर्फावरचा एकमेव माणूस असा की ज्याचं सगळं अंग सतत पककडे वळलेलं असतं. पक उजव्या कोपऱ्यात गेला की तो उजवीकडे सरकतो, पक गोलामागे गेला की मान मागे वळते आणि एक हात खांबाला टेकतो. मी पहिला मोसमभर पक शोधायला त्याचा वापर केला. पुढे पक आपोआप दिसायला लागला, पण नजर गोलकीपरवरून हटेना.

कॉर्नेलचं लायना रिंक १९५७ साली उघडलं. मी गेले तेव्हा तिथे पावणेचार-चार हजार माणसं मावायची. २००६ मध्ये जागा थोडी वाढवली. छत खाली, भिंती जवळ, बाकं लाकडी. डिसेंबरात बाहेर कायुगा तलावावरून बोचरं वारं सुटलेलं असतं आणि आतही गारठा असतोच, पण पाच मिनिटांत माणूस कानटोपी काढतो, इतका गोंगाट. इथले प्रेक्षक स्वतःला 'लायना फेथफुल' म्हणवतात. मोसमाच्या तिकिटांसाठी विद्यार्थी रांगेत रात्री काढायचे, पुस्तकं आणि झोपायच्या पिशव्या घेऊन. त्या गर्दीत आम्ही दोघीही असायचो.

आणि या सगळ्या गोंगाटाचा रोख बहुतेक वेळा एकाच माणसावर असतो. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात, जणू समोर बघण्यासारखं काही नाही. सामना सुरू झाला आणि आमचा गोल पडला की हजारो बोटं पाहुण्या गोलकीपरकडे रोखली जातात आणि आरोळी उठते, "सीव्ह! सीव्ह! सीव्ह!" म्हणजे चाळणी. मग शेवटी एका सुरात: सगळा दोष तुझाच. बचावपटू घसरून पडला असेल, पक दुसऱ्याच कोणाच्या स्केटला लागून आत गेला असेल, तरी दोष त्याचाच. तो जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली उचलतो, एक घोट पितो, दोन्ही खांबांना काठी टेकवून आपली जागा तपासतो आणि पुन्हा वाकून उभा राहतो. मी आरोळीत सामील व्हायचे, मनापासून. पण ती बाटली उचलण्याची रीत बघणं मला आरोळीइतकंच महत्त्वाचं वाटायला लागलं. ज्याने बाटली सावकाश उचलली, त्याच्याकडून त्या रात्री आणखी गोल काढणं कठीण जातं, हे माझं निरीक्षण आजही टिकून आहे.

हार्वर्डचा सामना मात्र वेगळाच. ही कॉर्नेलची जुनी खुन्नस. १९६२ मध्ये लायनावर कॉर्नेलने हार्वर्डला २-१ असं हरवलं, तेव्हापासून तिला खरा रंग चढला. त्या दिवशी कॉर्नेलच्या गोलात लेंग केनेडी होता. पुढे तोच विद्यापीठाचा क्रीडा संचालक झाला. खुन्नस सुरू झाली तीच गोलकीपरच्या बळावर, असं मला म्हणूनच वाटतं. आणि तिची सगळ्यात गाजलेली प्रथाही गोलकीपरवरूनच आली. सांगतात ते असं: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या, म्हणजे हार्वर्डच्या बाजूच्या कुणीतरी कॉर्नेलच्या गोलकीपरवर मेलेली कोंबडी फेकली. कॉर्नेलला कृषी महाविद्यालय आहे, म्हणून हा टोमणा. त्याला उत्तर म्हणून हार्वर्ड पुढे लायनावर आलं तेव्हा इथल्यांनी मासे फेकले, कारण हार्वर्डशेजारचं बॉस्टन समुद्रकाठचं. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, मासे मात्र आजही पडतात. हार्वर्डचे खेळाडू बोगद्यातून बर्फावर आले की चहूबाजूंनी मासे, कुठे अख्खे, कुठे नुसती मुंडकी. दारावर पिशव्या तपासतात, ध्वनिक्षेपकावरून ताकीद मिळते की सामना सुरू झाल्यावर काही फेकलं तर आपल्याच संघाला शिक्षा होईल. तरी जॅकेटांच्या आतून मासे येतातच. मग फावडी घेऊन माणसं येतात, बर्फ साफ करतात.

मी मासा कधी फेकला नाही. माझं आजोळ मालवणचं. बाजारातून आणलेला मासा निवडताना आजी काटाही वाया जाऊ द्यायची नाही. तो बर्फावर चिरडताना बघणं मला जमलं नाही, आणि मैत्रिणीला ते कारण एका वाक्यात पटलं. पण त्या गदारोळातही मी हार्वर्डच्या गोलकीपरकडे बघायचे. बाकीचे खेळाडू मासे चुकवत वेगाने चकरा मारत असतात. तो सरळ आपल्या निळ्या अर्धवर्तुळाकडे, क्रीजकडे जातो आणि स्केटच्या पात्यांनी बर्फ खरवडायला लागतो. डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे, बारीक बारीक. नुकताच गुळगुळीत केलेला बर्फ त्याला नको असतो. पाय रोवायला, ढकलून सरकायला त्याला खरबरीत बर्फ लागतो. दर पिरियडच्या, म्हणजे सामन्याच्या वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांपैकी प्रत्येकाच्या, सुरुवातीला हे काम. मला वाटतं आइस हॉकीतलं सगळ्यात प्रामाणिक दृश्य हेच आहे. समोर चार हजार माणसं शिव्याशाप देतायत, आणि हा आपलं अंगण सारवल्यासारखा एकाग्र.

तर बाबांकडे येते. आम्ही खडकीचे. धनराज पिल्ले याच खडकीचा, आणि त्याच्या आधीपासून तिथल्या मैदानांवर हॉकी ही रोजची गोष्ट. माझे बाबा कारखान्याच्या संघात गोलकीपर होते. लेगगार्ड, किकर, हातात काठी, आणि मुरमाड मैदानावर वेडावाकडा उसळणारा चेंडू. रविवारी फोन लावला की अभ्यासाची चौकशी दोन मिनिटांत उरकायची आणि मग हॉकी.

"गोल केवढा असतो गं तुमच्याकडे?"

"सहा फूट रुंद, चार फूट उंच."

"आमचा बारा बाय सात!" मग थोडा वेळ शांतता. "आणि तो पोरगा पॅड, छातीचं चिलखत, हेल्मेट सगळं घालून उभा. मग त्याच्या मागे दिसतं तरी काय? गोल होतात कसे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी गोलकीपिंग शिकले, असं म्हणायला हरकत नाही. मैदानी हॉकीच्या गोलाची रुंदी बरोबर दुप्पट. आणि इथला गोलकीपर पॅड लावून उभा राहिला की बहुतेक जाळी झाकली जाते. उरतात त्या पाच जागा: दोन्ही खांद्यांवरच्या, दोन्ही पायांबाहेरच्या खालच्या, आणि पाचवी दोन पायांच्या मधली. त्यातही गोलकीपर जाळीतून चार पावलं पुढे आला तर त्या जागा जवळजवळ मिटतातच. दिव्यापुढे हात नेला की भिंतीवरची सावली मोठी होते, तसं. नेमबाजाच्या जितकं जवळ जावं तितकी त्याला मागची जाळी कमी दिसते. मग गोल होतात कसे?

होतात ते गोलकीपरला हलवल्यामुळे. एका बाजूने फटका मारायचा आव आणून दुसऱ्या बाजूला पास दिला, की पुढे आलेल्या गोलकीपरला एका ढकल्यात पाच-सहा फूट सरकावं लागतं, आणि सरकताना पाय उघडतात. पहिला फटका अडवला पण पक समोरच पडला, तर दुसरा फटका मारणारा मोकळा असतो. गोलासमोर एखादा धिप्पाड खेळाडू पाठ करून उभा राहिला की पक सुटतानाच दिसत नाही. आणि वाटेत कुणी काठी लावून दिशा बदलली, तर मग प्रतिक्रियेला वेळच उरत नाही. म्हणजे गोलकीपर जितका कमी हलतो तितका चांगला. हे कळल्यावर माझं बघणंच बदललं. हवेत झेप घेऊन ग्लव्हमध्ये पकडलेला पक बघून रिंक डोक्यावर घेतं, आणि मैत्रीण पुटपुटते, "इतकी झेप घ्यायची वेळ का आली?" दुसऱ्या टोकाला एखादा फटका छातीवर येऊन विरतो, पक पोटाशी दाबला जातो, शिट्टी वाजते, कुणी टाळी वाजवत नाही. ती म्हणते, "हा बघ. हा खरा." तो पास जाण्याआधीच दुसऱ्या बाजूला पोचलेला असतो, म्हणून फटका सोपा वाटतो.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. "चेंडूकडे बघून कुणी गोल अडवत नाही. समोरच्याच्या काठीचं पातं बघायचं. पातं उघडलं की वर येणार, मिटलं की खाली." खडकीच्या मुरमावरचं हे ज्ञान इथाकाच्या बर्फावर जसंच्या तसं लागू पडलं. मी दुर्बीण घेऊन जायला लागले.

कॉर्नेलमध्ये गोलकीपर हा विषय इतका गंभीर का, याला इतिहास आहे. केन ड्रायडन १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं इथे गोलात होता. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळायची परवानगी नसे, म्हणून तीनच. त्या तीन वर्षांत ७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. १९६७ साली बॉस्टन विद्यापीठाला हरवून कॉर्नेल पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतं झालं ते त्याच्यामुळे. तो इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडला, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाला सहा स्टॅन्ली कप, म्हणजे व्यावसायिक लीगची विजेतेपदं, जिंकून दिले, कायद्याचा अभ्यास केला, पुढे कॅनडाचा केंद्रीय मंत्री झाला. १९७० मध्ये ब्रायन क्रॉपर गोलात असताना कॉर्नेलने २९ पैकी २९ सामने जिंकले; बरोबरीही न सोडता राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पुरुषांचा दुसरा संघ आजवर झालेला नाही. आमच्या लीगमध्ये मोसमातल्या सर्वोत्तम गोलकीपरला दिला जाणारा पुरस्कारही ड्रायडनच्याच नावाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला. खेळ थांबला की काठीच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकवून उभा राहण्याची त्याची ढब आजही इथली शाळकरी पोरं गोलात उभी राहून करतात. सहा फूट चार इंचांचा माणूस, आणि इतका निवांत. समोरच्या संघाला त्यानेच निम्मं खचवलं असेल.

माझ्या वाट्याला आला तो डेव्हिड लेनेव्हू. पहिल्या वर्षी त्याला आणि मॅट अंडरहिलला आलटून पालटून खेळवत. मैत्रिणीला ते पटायचं नाही. तिच्या मते गोलकीपरला लय लागते ती सलग खेळूनच. मी तिला हार्वर्डचं उदाहरण द्यायचे, १९८९ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी दोन नवख्या गोलकीपरना असंच फिरवत मिळवलं होतं. यावर आमचे कितीतरी वाद झाले. २००२-०३ मध्ये गोल एकट्या लेनेव्हूकडे आला आणि वाद मिटला. त्या मोसमात त्याने गोल खाण्याची सरासरी होती दर सामन्याला १.२०, तोवरचा राष्ट्रीय विक्रम. पुढच्याच वर्षी मेन विद्यापीठाच्या जिमी हॉवर्डने १.१९ करून तो मोडला.

हा आकडा मात्र जपून वाचावा. प्रशिक्षक माइक शेफरचा संघ बचावावर उभा होता. धिप्पाड बचावपटू समोरच्यांना कडेकडेला ढकलत राहायचे, गोलासमोरची जागा कुणाला मिळायची नाही. त्यामुळे आमच्या गोलकीपरकडे फटकेच कमी यायचे. गोलांच्या सरासरीत संघाचं श्रेय मिसळलेलं असतं. किती टक्के फटके अडवले हा आकडा गोलकीपरच्या जास्त जवळचा. तरीसुद्धा कमी फटके म्हणजे सोपं काम, हे मला मान्य नाही. पिरियडमध्ये चारच फटके येतात, आठ-आठ मिनिटं काही घडत नाही, गारठ्यात स्नायू आखडतात, आणि मग अचानक समोरून एकटा माणूस पक घेऊन येतो. त्या आठ मिनिटांत लेनेव्हू काय करायचा ते मी दुर्बिणीतून बघितलं आहे. पक दुसऱ्या टोकाला असला तरी तो गुडघ्यात किंचित वाकलेला, पकबरोबर अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं पाऊल उजवीकडे. शंभर-दीडशे फुटांवरच्या पकसाठी! ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

त्याच मोसमाची लीगची अंतिम फेरी, मार्च २००३, ऑल्बनी. समोर हार्वर्ड. आम्ही गाड्या भरून गेलो. हार्वर्डच्या गोलात डोव्ह ग्रुमेट-मॉरिस. आदल्या वर्षीची अंतिम फेरी याच दोघांमध्ये झाली होती आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हार्वर्डने ती ४-३ अशी नेली होती, त्यामुळे पोटात गोळा होताच. शेवटच्या मिनिटापर्यंत हार्वर्ड २-१ पुढे. मग लेनेव्हू बेंचकडे सुसाट निघाला आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर आला. रिकामी जाळी बघणं हा गोलकीपरवेड्या माणसाला त्रासच असतो. हार्वर्डच्या कुणीही मैदानाच्या मध्यातून पक भिरकावला असता तर संपलं होतं. सगळे ग्रुमेट-मॉरिसच्या टोकाला बघत होते. त्याच्यासमोर इतकी गर्दी की त्याला पक दिसण्यासाठी कुणाच्या तरी कमरेखालून, कुणाच्या तरी कोपराशेजारून डोकं काढावं लागत होतं. घड्याळात अर्धं मिनिट उरलं असताना मार्क मॅक्रेने गोल केला. ओव्हरटाइममध्ये सॅम पाओलिनीने दुसरा, आणि ३-२. माझा आवाज दोन दिवस बसला होता. गोल झाल्यावर ग्रुमेट-मॉरिस गुडघ्यांवर होता आणि आमच्याकडचे सगळे त्याच्यावर बोटं रोखून ओरडत होते. त्या वेळी माझा हात वर गेला नाही. त्याने त्या गर्दीतून आधी जे अडवलं होतं ते मी बघितलं होतं.

त्या वर्षी आम्ही बफेलोपर्यंत, राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि न्यू हॅम्पशरकडून ३-२ हरलो. लेनेव्हू व्यावसायिक हॉकीत गेला, आणि डेव्हिड मकी आला. २००५ मध्ये सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या होबी बेकर पुरस्काराच्या अंतिम तिघांत तो होता. गोलकीपरना हा पुरस्कार फार क्वचित मिळतो, मिनेसोटाचा रॉब स्टॉबर १९८८ मध्ये, मिशिगन स्टेटचा रायन मिलर २००१ मध्ये आणि मिनेसोटा स्टेटचा ड्रायडन मकाय २०२२ मध्ये, बस्स. मकीलाही मिळाला नाही. मिळायला हवा होता, असं मी अजून म्हणते.

पण मकीची रात्र म्हणजे २६ मार्च २००६. ग्रीन बे, राष्ट्रीय स्पर्धा, समोर विस्कॉन्सिन आणि त्यांच्या गोलात ब्रायन एलियट. थीसिसची शेवटची प्रकरणं लिहीत होते, जाता आलं नाही, म्हणून रेडिओवर ऐकला. साठ मिनिटं ०-०. पहिला ओव्हरटाइम वीस मिनिटांचा, ०-०. दुसरा वीस मिनिटांचा, ०-०. रेडिओवर गोलकीपर दिसत नाही, ऐकू येतो: फटका, अडवला, फटका, अडवला. समालोचकाचा आवाज चढत होता आणि मकीचं नाव दर वेळी त्याच सुरात यायचं. मी खोलीत उभी राहून ऐकत होते, मैत्रीण फोनवर, दोघीही काही बोलत नव्हतो. तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये जॅक स्किलने गोल केला. १-०. शंभर मिनिटांहून जास्त वेळ गोल न खाता शेवटी हरायचं, हे या एकाच जागेवर उभ्या असलेल्या माणसाच्या नशिबी येऊ शकतं. विस्कॉन्सिन पुढे राष्ट्रीय विजेतं झालं. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्या दिवशी गुडघे वळले नसतील त्याचे."

नोकरी लागली ती बॉस्टनजवळ. म्हणजे शत्रूच्या घरी. हार्वर्डचं रिंक चार्ल्स नदीपलीकडे ऑल्स्टनला आहे. तिथे कॉर्नेल आलं की निम्म्याहून जास्त प्रेक्षक लाल कपड्यांत कॉर्नेलचेच असतात, इतके की त्या रात्रीपुरतं त्याला 'लायना ईस्ट' म्हणतात. इतर दिवशी मात्र तिथे शांतता असते आणि काचेलगतची जागा सहज मिळते. मी हार्वर्डचे इतर सामनेही बघायला लागले, गोलामागे बसून. मागून बघितल्यावर खेळ वेगळाच दिसतो. गोलकीपरला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, म्हणजे बहुतेक वेळा पाठी, काठ्या आणि पाय. सराव चालू असताना पक पॅडवर आदळल्याचा जाड, ओला आवाज येतो, आणि खांबावर आदळला तर घंटेसारखा लख्ख. सलग काही मोसम एकाच गोलकीपरला असं बघितलं की त्याच्या खोडी पाठ होतात. एक जण ग्लव्ह जरा खाली धरायचा आणि नेमबाजांना वर मारायला मोह पाडायचा. दुसरा प्रत्येक शिट्टीनंतर मान वळवून जाळीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघायचा. कॉर्नेलचा सामना आला की मी आमच्याकडच्यांमध्ये बसते, घोषणा देते, आणि त्या गोलकीपरला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त ओळखत असते.

बाबा इथे आले त्या हिवाळ्यात त्यांना ऑल्स्टनला घेऊन गेले. दोन स्वेटर, वर जॅकेट, मफलर, आणि गोलामागची जागा. पहिली दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. पक शोधत नव्हते, सुरुवातीपासून फक्त गोलकीपर. कॉर्नेलच्या एका खेळाडूने अगदी जवळून फटका मारला, गोलकीपर दोन्ही गुडघ्यांवर खाली गेला, पॅड दोन्हीकडे पसरले, पक पॅडला लागून कोपऱ्यात गेला. याला बटरफ्लाय म्हणतात, मी सांगितलं. "कोपऱ्यात मुद्दाम घातला," बाबा म्हणाले. "पॅड तिरका ठेवला बघ. समोर ठेवला असता तर परत आला असता." रीबाउंड, म्हणजे अडवल्यावर उसळलेला पक, कुठे पाठवायचा हे कळायला मला काही वर्षं लागली होती. त्यांनी ते पहिल्या पिरियडमध्ये बघितलं, आणि आजूबाजूचे सगळे लाल कपड्यांतले लोक त्या गोलकीपरला चाळणी म्हणून ओरडत असताना त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या एका आजोबांनी वळून बघितलं, बाबांनी त्यांना हाताने पॅडचा कोन करून दाखवला, आणि ते आजोबाही मान डोलवायला लागले.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमत नाही. पक गोलामागे किंवा कडेला असला की हल्लीचे गोलकीपर खांबालगतचा पाय बर्फावर आडवा टाकतात, दुसरा गुडघा उभा ठेवतात आणि खांद्याने खांबाला टेकतात. खालची सगळी जागा बंद होते, आणि तिथून एका ढकल्यात पुढे निघता येतं. कॉलेजात आता जवळपास सगळे असंच करतात. बाबांना हे अजिबात पसंत नाही. "खांबाशी बसायचं नाही. बसलं की खांद्यावर फट राहते. उभं राहायचं, अंग खांबाला लावायचं." ते खडकीला परत गेले तरी वाद चालूच आहे. मी कॉर्नेल-हार्वर्ड सामन्यांच्या क्लिपा पाठवते, ते थांबवून थांबवून बघतात, आणि फट राहिली त्या क्षणाचा फोटो काढून मला पाठवतात. फट असतेच, आहे. पण तेवढ्या कोनातून, बचावपटू अंगावर असताना, त्या फटीत पक उचलून घालणारे कॉलेजात फार थोडे, आणि खालून सरपटत जाणारे गोल कितीतरी जास्त. म्हणून मी बसणाऱ्यांच्या बाजूची. बाबांचं म्हणणं, ते थोडेच नेमके हार्वर्डकडे असले तर काय कराल?